'काळी मिरची' नव्हे, मिरी

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

पाककृतींच्या सदरांत, मसाल्याच्या पाकिटांवर आणि घरगुती औषधांच्या लेखांत 'काळी मिरची' हा शब्द आता सर्रास छापला जातो. 'अर्धा चमचा काळी मिरची पूड', 'चार-पाच काळ्या मिरच्या ठेचून' अशी वाक्ये मराठी वृत्तपत्रांत नेहमी दिसतात. मराठीत ही वस्तू मिरी आहे. तिची पूड ती मिरपूड, तिचा वेल तो मिरवेल. मिरची हे वेगळेच झाड, वेगळ्या कुळातले आणि वेगळ्या खंडातून आलेले. हिंदीत दोघांनाही 'मिर्च' म्हणत असल्याने तिथे काली, लाल, हरी असे रंग लावून भागवावे लागते. मराठीला ती गरज कधी पडलीच नाही. असलेला भेद आपण आपल्याच हाताने पुसतो आहोत. तो पुसल्याने स्वयंपाकात, औषधात आणि जुने ग्रंथ वाचताना नेमके काय बिघडते, ते दाखवण्यासाठी हे पत्र.

आधी आपल्या दोन शब्दांकडे पाहू. संस्कृतात मिऱ्याला 'मरिच' म्हणत. संस्कृत शब्द प्राकृतातून मराठीत उतरताना दोन स्वरांमधले क, ग, च, ज, त, द बहुधा गळून जातात. 'सूची'ची 'सुई' झाली ती अशीच. 'मरिच'चे प्राकृतात 'मरिअ', 'मिरिअ' झाले आणि त्यातून आपले 'मिरे' आले. गुजरातीत तेच 'मरी'. म्हणजे 'मिरे' हा पिढ्यान्‌पिढ्या बोलण्यात झिजत आलेला घरचा शब्द आहे. 'मिरची'त मात्र च शाबूत राहिला आहे, आणि तीच तिची खूण. हा शब्द त्या झिजण्याच्या वाटेने आलेला नाही. त्याचे नाते उत्तरेकडच्या 'मिर्च'शी जवळचे आहे. गुजरातीतही मिरचीला 'मरचुं' म्हणतात. एकाच संस्कृत शब्दाची अशी दोन रूपे झाली. च गळलेले रूप सह्याद्रीच्या वेलाकडे राहिले, च असलेले अमेरिकेच्या झुडपाला मिळाले. म्हणी-वाक्प्रचारांतही दोघे आपापल्या जागी आहेत. वरचढ माणूस दुसऱ्याच्या डोक्यावर मिरे वाटतो, आणि लागट बोलणे ऐकले की नाकाला मिरच्या झोंबतात. यांची अदलाबदल करून पाहा, मराठी कानाला ती चालत नाही.

'पेपर' या शब्दाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. इंग्रजी पेपर, जर्मन फेफर, फ्रेंच प्वाव्र, इटालियन पेपे, लॅटिन पिपेर, ग्रीक पेपेरी ही सगळी नावे आज मिऱ्याची आहेत, पण त्यांचे मूळ 'मरिच'मध्ये नाही. ते आहे 'पिप्पली'मध्ये, म्हणजे आपल्या पिंपळीत. पिंपळी आणि मिरी दोन्ही एकाच कुळातल्या वेली, पण फळ हातात घेतले की गल्लत होऊच शकत नाही. मिऱ्याच्या घोसावर दाणे सुटे असतात. ते वाळले की एकेक गोल, सुरकुतलेला दाणा वेगळा मिळतो. पिंपळीत खसखशीएवढी बारीक फळे एकमेकांत रुतून त्यांचे एकच लांबट कणीस बनते. ते तीनेक सेंटीमीटरचे, करड्या-काळ्या रंगाचे आणि कच्च्या तुतीसारखे दिसते. चावल्यावर आधी किंचित गोड लागते आणि तिखटपणा मागाहून चढतो.

मग मिऱ्याला पिंपळीचे नाव कसे लागले? याचे उत्तर जुन्या कोशांतल्या पर्यायी नावांत सापडते. अमरकोशात पिंपळीला 'मागधी' आणि 'वैदेही' म्हटले आहे. मगध आणि विदेह हे आजच्या बिहारच्या बाजूचे प्रदेश. मिऱ्याच्या नावांत 'धर्मपत्तन' येते आणि ते मलबारच्या किनाऱ्याकडे बोट दाखवते. पिंपळी उत्तर भारताला जवळची होती. अथर्ववेदातही ती औषधी म्हणून येते. उत्तरेतून इराणमार्गे पश्चिमेला जाणाऱ्या मालात आधी तीच असणार आणि ग्रीकांना तिचेच नाव आधी ऐकू आले असणार. 'पिप्पली'तला ल ग्रीकमध्ये र झाला, त्याचेही कारण इराणात शोधतात, कारण जुन्या इराणी बोलींत ल फारसा नव्हता. पुढे मलबारची मिरी समुद्रमार्गे मोठ्या प्रमाणावर जाऊ लागली, तेव्हा तिला वेगळे नाव शोधण्याची गरज कुणाला वाटली नाही. तशीच झणझणीत वस्तू, त्याच देशातून येणारी, म्हणून तिलाही पेपेरी म्हटले गेले. इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकांतला ग्रीक वनस्पतितज्ज्ञ थिओफ्रास्टस गोल आणि लांबट असे पेपेरीचे दोन प्रकार सांगतो. इ. स. ७७ च्या सुमारास रोमन लेखक प्लिनी त्यांचे भावही देतो: एका रोमन पौंडाला लांब मिरी म्हणजे पिंपळी १५ दिनार, पांढरी मिरी ७ आणि काळी ४. नाव महागाचे होते आणि खप स्वस्ताचा झाला. हळूहळू मूळ मालकीण बाजूला पडली आणि नाव मिऱ्याकडेच राहिले. आज युरोपात पिंपळी हवी असेल तर 'लांब' हे विशेषण लावून मागावी लागते. परदेशी गिऱ्हाइकाची आठवण संस्कृतनेही ठेवली आहे. मिऱ्याचे एक नाव 'यवनप्रिय' आहे.

पश्चिम आशियातही 'पिप्पली' हाच शब्द गेला. फारसीत पिल्पिल, हिब्रूत पिल्पेल. अरबीत प नाही, म्हणून फिल्फिल. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, स्वाहिलीत, पिलीपिली. 'मरिच'ने मात्र दुसरी दिशा धरली आणि तो समुद्र ओलांडून आग्नेय आशियात गेला. जावा बेटावर आजही काळ्या मिऱ्याला म्रिचा म्हणतात आणि इंडोनेशियाच्या भाषेत मेरिचा. पश्चिमेला पिंपळीचे नाव आणि पूर्वेला मिऱ्याचे, अशी ही सरळ वाटणी आहे. नकाशावर हे शब्द मांडले तर व्यापाराच्या दोन वाटा वेगवेगळ्या उमटतात.

१४९२ मध्ये कोलंबस निघाला तो याच मिऱ्याचा देश शोधायला. कॅरिबियन बेटांवर त्याला मिरी मिळाली नाही, तिथल्या लोकांची 'अही' नावाची तिखट फळे मिळाली. त्याने त्यांना मिऱ्याचेच नाव दिले. स्पॅनिशमध्ये मिरी 'पिमियेंता' हा स्त्रीलिंगी शब्द होता, मिरची 'पिमियेंतो' हा पुल्लिंगी झाला. मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतला 'चिल्ली' हा शब्द इंग्रजीने उचलला, तोही बऱ्याचदा पुढे 'पेपर' जोडून. पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला पोहोचले, १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतले, आणि त्या शतकात त्यांच्या जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली. ती लगेच सगळीकडे पोहोचली असे नाही. अकबराच्या दरबारातली ऐन-ए-अकबरी पदार्थांची मापे तपशीलवार देते. त्यात मिरी आहे, मिरची नाही.

इथून पुढचा भाग मला सर्वांत लोभसवाणा वाटतो. एकच नवे फळ वेगवेगळ्या भाषांच्या दारात उभे राहिले आणि जवळजवळ प्रत्येकीने त्याला मिऱ्याच्याच खुंटीला टांगले, पण गाठ आपापल्या पद्धतीने मारली. तमिळमध्ये मिरी 'मिळगु', मिरची 'मिळगाय'; यातला 'काय' म्हणजे कच्चे फळ. कन्नडमध्ये मिरी 'मेणसु', मिरची 'मेणसिनकायि'. तेलुगूत 'मिरियालु' आणि 'मिरपकाय'. तिन्ही भाषांनी 'मिऱ्याचे फळ' असेच म्हटले. कोकणीने हेच शेंग म्हणून केले: मिरची म्हणजे 'मिरसांग'. शेवग्याच्या शेंगेला कोकणीत 'मशिंगासांग' म्हणतात, त्यातली सांग तीच. म्हणून मिरसांग म्हणजे मिऱ्याची शेंग. काणकोणातल्या खोला गावची किंवा पेडण्यातल्या हरमलची मिरची घेणारा गोवेकर तिला मिरसांगच म्हणतो, आणि 'मिरीं' हा शब्द काळ्या दाण्यांसाठी सुटा राखतो.

काश्मिरीतला शब्द तर थांबून पाहण्यासारखा आहे. तिथे मिरचीला 'मर्चवांगुन' म्हणतात. यातले 'वांगुन' म्हणजे आपले वांगे. मिऱ्यासारखे झणझणीत वांगे! वनस्पतिशास्त्राच्या चौकटीत हे नाव इतर सगळ्यांपेक्षा अचूक ठरते, कारण मिरची आणि वांगे खरोखरच एका कुळातली आहेत, तर मिरीचा त्या कुळाशी काही संबंध नाही. पान, फूल आणि देठावरची हिरवी टोपी बघून कुणी तरी हे नाव ठेवले असणार. असमियात मिरी 'जालुक' आणि मिरची 'जलकीया', म्हणजे जालुकासारखी. पश्चिम बंगालात मिरचीला 'लंका' म्हणतात, दर्यापलीकडून आली म्हणून. बांगलादेशात 'मोरिच' म्हणजे मिरची, आणि मिऱ्याला 'गोलमोरिच' म्हणावे लागते.

अशा ठिकाणी जुन्या वस्तूची गोची होते. नवी वस्तू जुने नाव घेऊन बसते, आणि जुन्या वस्तूला ओळख पटवायला विशेषण जोडावे लागते. मल्याळममध्ये 'मुळक्' म्हटले की आता मिरची कळते, आणि जिच्यासाठी अर्धे जग केरळात आले ती मिरी 'कुरुमुळक्', म्हणजे दाण्याची मुळक्, झाली. सिंहलीत 'मिरिस' मिरची झाली आणि मिऱ्याला 'गम्मिरिस', गावची मिरी, म्हणावे लागते. थाई भाषेत 'फ्रिक' मिरचीने घेतला, म्हणून मिरी 'फ्रिक थाई' झाली. स्वाहिलीत नुसते पिलीपिली म्हणजे मिरची. मिरी हवी तर 'पिलीपिली मांगा', अरबांकडची पिलीपिली. जावा बेटावर तर पिंपळीचाच बळी गेला. 'चाबे' हे तिथल्या पिंपळीचे नाव मिरचीने घेतले आणि खऱ्या पिंपळीला आता 'चाबे जावा' म्हणतात. चीनमध्ये थर आणखी खोल आहेत. तिथे 'च्याओ' हे मुळात तिरफळाच्या जातभाईचे नाव. मग परदेशी मिरी आली ती 'हू च्याओ', परक्यांची च्याओ. मिरची आली ती 'ला च्याओ', झणझणीत च्याओ. आणि मूळ च्याओला 'हुआ च्याओ', फुलाची च्याओ, असे नवे नाव घ्यावे लागले. युरोपात हंगेरीचा 'पाप्रिका' हा मिऱ्याच्या स्लाव्ह नावाला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून झालेला शब्द. आपल्या दुकानात आता पॅपरिकाची बाटली मिळते, तिच्यावरच्या नावात पिंपळीच परत आलेली आहे.

मिरचीने एवढ्या भाषांत नावे बळकावली याचे कारण शेतात आहे. मिरवेलाला दमट हवा, सावली, आधाराला झाड आणि सुमारे २००० मिलिमीटर पाऊस लागतो. लागवड छाटाने करावी लागते आणि पीक यायला तिसरे-चौथे वर्ष उजाडते. कोकणात नारळी-पोफळीवर तो चढतो, घाटावर उघड्या रानात तगत नाही. मिरचीचे मूठभर बी खिशातून कुठेही नेता येते, आणि रोप लावल्यावर अडीच-तीन महिन्यांत तोडा सुरू होतो. ज्या शेतकऱ्याने जन्मात मिरवेल पाहिला नाही, त्याच्या परसात मिरची उगवली. जे रोजच्या ताटात असते त्याला आखूड नाव मिळते आणि जे विकत आणावे लागते त्याला विशेषण चिकटते. मराठीत तसे झाले नाही, कारण दोन शब्द आधीच ध्वनीने वेगळे पडले होते. कोकणातल्या बागांनी मिरी हा शब्द जिवंत ठेवला, आणि मिरचीने आपली पिलावळ वेगळी वाढवली: लवंगेवरून लवंगी, भोपळ्यावरून भोपळी, गावावरून बेडगी.

आता छापील मजकुरातल्या चुकांकडे येतो. इंग्रजी पाककृतीत 'पेपर' दिसला की सरसकट एकच मराठी शब्द टाकणे हे चुकांचे मूळ. आधी मापाकडे पाहावे. 'दोन पेपर, बिया काढून उभे चिरून' असे असेल तर ती ढोबळी मिरची. 'ताजी दळलेली', 'भरड कुटलेली' असे असेल तर ती मिरी. 'रेड पेपर फ्लेक्स' म्हणजे सुक्या लाल मिरचीचा भरडा, आणि 'केयेन पेपर' म्हणजे आपले लाल तिखट. 'ग्रीन पेपरकॉर्न' ही वेलावरची ओली हिरवी मिरी. ती हिरवी मिरची नव्हे. 'व्हाइट पेपर' ही पांढरी मिरी. पिकलेले दाणे आठवडाभर पाण्यात भिजवून वरची साल चोळून काढली की आत जो दाणा उरतो, ती हीच. काळी मिरी त्याच वेलाची. घोसातला एखादा दाणा लालसर होऊ लागला की घोस खुडतात, उरलेले हिरवे दाणे सालीसकट उन्हात वाळवतात, आणि सालच काळी पडते. 'पांढरी मिरची' असे छापले की वाचक बाजारात काय शोधणार?

ही अदलाबदल चवीला महाग पडते. मिऱ्याचा तिखटपणा पिपेरिन या द्रव्याचा, मिरचीचा कॅप्सेसिनचा. (पिपेरिन १८१९ मध्ये वेगळे काढले गेले, त्याच्या नावातही पिंपळी आहेच.) मिऱ्यात पिपेरिन साधारण ५ ते ९ टक्के असते, मिरचीत कॅप्सेसिन बहुधा एक टक्क्याच्या आत. पण शुद्ध कॅप्सेसिन हे पिपेरिनपेक्षा शंभरेक पटींनी जहाल. म्हणून चमच्याला चमचा हा हिशेब चालत नाही. चार माणसांच्या सारात एक चमचा मिरपूड घशाला ऊब देते. तेवढेच झणझणीत लाल तिखट घातले तर सार घशाखाली उतरत नाही, आणि मिऱ्याचा जो सुवास हवा होता तो येतच नाही. हा सुवास उडून जाणाऱ्या तेलांचा असतो. त्यासाठीच मिरपूड आयत्या वेळी कुटायची आणि पदार्थ उतरवताना घालायची. तिखट मात्र फोडणीत तेलावर घालायचे, कारण कॅप्सेसिन तेलात उतरते, पाण्यात जवळजवळ नाही.

औषधांच्या सदरांत चूक याहून गंभीर होते. त्रिकटू म्हणजे सुंठ, मिरी आणि पिंपळी समभाग. हिंदी मजकुरातल्या 'गोल मिर्च' किंवा संस्कृतातल्या 'मरिच'चे भाषांतर 'मिरची' असे केले, तर मधातून चाटायला लाल तिखट सांगितल्यासारखे होते. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत मरिच जिथे जिथे येते तिथे ती मिरीच. त्या काळी या देशात मिरचीचे रोपही नव्हते. 'आयुर्वेदात मिरचीचे गुण सांगितले आहेत' हे वाक्य याच गोंधळातून जन्मते. पिंपळीच्या बाबतीतही असेच. बाळंतिणीच्या लाडवांत घालतात ते पिंपळमूळ, ज्याला बाजारात गंठोडे म्हणतात, ते पिंपळी या वेलाचे मूळ आहे. त्याचे वर्णन 'पिंपळाच्या झाडाचे मूळ' असे करणे चूक आहे. पारावरच्या पिंपळाशी त्याचा संबंध नाही. गजपिंपळी ही तर तिसरीच वनस्पती.

आणखी दोन नावे सांभाळावीत. 'सेशुआन पेपर'ला मिरी म्हणू नये. ती चीनची हुआ च्याओ, आपल्या कोकण-गोव्याच्या तिरफळाची सख्खी नातलग. बांगड्याच्या आमटीत तिरफळाची काळी बी टाकून देऊन फक्त टरफल घालतात, तसेच तिकडेही करतात. 'तिरफळ' लिहिताना मुद्रितशोधकाने ते सुधारून 'त्रिफळा' करू नये. हिरडा, बेहडा, आवळ्याच्या चूर्णाशी त्याचे काही नाते नाही. आणि कबाबचिनी म्हणजे बुडाला शेपटीसारखा देठ असलेली मिऱ्याच्या कुळातली मिरी. जमैकाच्या 'ऑलस्पाइस'लाही काही दुकानदार तेच नाव देतात. दाण्याला शेपटी नसेल तर ती कबाबचिनी नाही, हे ओळखायला एवढे पुरे.

आपल्या संपादकीय विभागासाठी विनंती एवढीच: पुरवणीच्या मजकुरात 'काळी मिरची' आली की तिथे 'मिरी' करावे, 'काळी मिरची पावडर'ची 'मिरपूड' करावी, आणि रंग सांगायचाच असेल तर 'काळी मिरी', 'पांढरी मिरी' लिहावे. भाषांतरित पाककृतीत 'पेपर' कोणता हे कळत नसेल, तर मूळ मजकुरातले माप आणि कृती पाहून मगच शब्द ठरवावा.

आपला विश्वासू,
एक वाचक, सिंधुदुर्ग